खुंटीवरचं लुगडं

आत्या,

तुझं हिरवट लुगडं मी अजून धुतलेलं नाही. गोठ्यातल्या खुंटीवर तू टांगलं होतंस तसंच आहे, शेणाच्या, दुधाच्या आणि मिश्रीच्या वासासकट. मघाशी शेजारची हलीमाबी आली ती बाहेरूनच नाकाला पदर लावून म्हणाली, "सुरेखा बेटी, आता बास कर गं. माशासुद्धा बसंनात त्याच्यावर." मी हसले. तू गेल्यापासून महिनाभरात पहिल्यांदाच हसले असेन. आणि हसल्याबरोबर मनात आलं, हे आत्याला सांगायला पाहिजे. म्हणून बसले सांगायला. तू नाहीस ही अडचण आहे, पण तू होतीस तेव्हाही माझं बोलणं तू कुठं धड ऐकून घ्यायचीस? मी बोलत राहायचे आणि तू म्हशीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसायचीस.

बालाजीनं, तुझ्या धाकट्यानं, गावाच्या कमानीपाशी तुझा फ्लेक्स लावला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' फोटो आधार कार्डावरचा. त्यात तू अशी दिसतेस, जणू कुणाच्या तरी रानातली वांगी तोडताना सापडलीस. खाली शोकाकुल म्हणून नावांची ही रांग, त्यातल्या निम्म्यांशी तुझं बोलणं बंद होतं. तो फ्लेक्स बघून मला लातूरचा एक दिवस आठवला. तू पहिल्यांदा आमच्याकडं राहायला आली होतीस. क्लासेसच्या रस्त्यानं आपण चाललो होतो आणि तू मधेच थांबलीस. दोन्ही बाजूंना मोठाले बोर्ड, त्यावर पोरापोरींचे हार घातलेले फोटो, खाली नावं आणि मार्क. तू माझा हात घट्ट धरलास. "सुरे, एवढी लेकरं कशानं गेली गं?" तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणाले, अगं गेली नाहीत, डॉक्टरकीला लागली. तुझा विश्वास बसेना. "मग जित्या लेकरांना हार कामून घातलेत?" रस्त्यावरचे लोक बघायला लागले आणि मला हसू आवरेना. घरी आल्यावर नवऱ्याला, विलासला मी हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की इतकी तोंडं एका ओळीत तू त्याआधी एकदाच बघितली होतीस, भूकंपानंतर, जुन्या गावच्या शाळेच्या मैदानात. तो किस्सा मी नंतर कुणाला सांगितला नाही.

तू माझ्या वडिलांची बहीण, म्हणून आत्या. पुढं तुझ्याच थोरल्याशी, विलासशी, माझं लग्न झालं आणि तू सासू झालीस. आपल्याकडं आत्याच्या घरी सून म्हणून जाण्यात नवल काही नाही, पण लग्नानंतरही मी तुला 'तू'च म्हणायचे याचं पाहुण्यांना फार नवल. मांडवातच एक म्हातारी म्हणाली, "सासूला अगंतुगं करती व्हय ही पोरगी?" तू हातातला तांब्या खाली ठेवून म्हणालीस, "हिचं नाक मी पुसलंय लहानपणी. आता ही आहोजाहो कराया लागली तर मला वाटंल माझ्या मागं कोण उभं हाय." पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. सासू म्हणून तू मला कधी काही शिकवलं नाहीस आणि मीही काही शिकले नाही, त्यामुळं आपलं छान चाललं.

भूकंपाबद्दल तू फार बोलायची नाहीस. विलास शाळेसाठी लातूरला आमच्या घरी होता म्हणून तो त्यातून सुटला. बाकीचं मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. गणपती बुडवून गाव नुकतं झोपलं होतं. तुमच्या अंगणात चांदरी म्हैस होती, कपाळावर पांढरा चांद असलेली. ती एकाएकी खुंट्याला हिसके देऊन रेकायला लागली. तुला वाटलं, दावं फासलं. तू तिला शिव्या घालत उठलीस, तुझा पदर धरून तीन वर्षांचा बालाजी रडत मागं आला आणि तू तिच्या खुंट्यापाशी पोचलीस तोवर घर बसलं. दगडमातीच्या हात-हात जाड भिंती, वर मातीचं माळवद. मामा आत झोपले होते. तुझ्या मालकांना आम्ही भावंडं मामाच म्हणायचो. मला खांद्यावर बसवून बैलपोळा दाखवणारा तेवढा एकच माणूस होता. लातूरला आमच्या घरी भांडी पडली आणि आम्ही रस्त्यावर आलो, तुझ्या गावाचं काय झालं ते आम्हाला उजाडल्यावर समजलं.

मग पत्र्याची शेडं आली आणि काही वर्षांनी नव्या गावात स्लॅबची घरं. दोन खोल्या, कितीही हादरे बसले तरी हलणार नाहीत अशा. किल्ली मिळाली त्या दिवशीच तू पुढच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलंस, आत गव्हाण घातलीस आणि चांदरीला नेऊन बांधलंस. मागच्या खोलीत कडबा भरलास. स्वतःसाठी मात्र समोरच्या जागेत शेडाचे जुने पत्रे ठोकलेस आणि त्यात बालाजीला घेऊन राहिलीस. गावात पुष्कळांनी असंच केलं होतं, माणसं पत्र्याखाली आणि कडबा, धान्य, जनावरं स्लॅबखाली. पण दार काढणारी तू एकटीच. लोकांना वाटलं म्हशीच्या शिंगांना अडचण नको म्हणून काढलं असेल.

पाहणीला एक साहेब आले तेव्हाची गोष्ट गाव अजून सांगतं. ते म्हणाले, "बाई, हे घर तुम्हाला राहायला दिलंय." तू म्हणालीस, "मला दिलंय ना? मग मी हिला दिलं. हिच्यामुळं मी हाय, साहेब." साहेबांनी चांदरीकडं बघितलं, चांदरीनं रवंथ थांबवून साहेबांकडं बघितलं आणि साहेब पुढच्या घराकडं गेले.

ती चांदरी म्हातारी होऊन गेली तेव्हा तिच्या पोटची वगार चांदरी झाली, मग तिची वगार. आताची कितवी ते तुलाच माहीत. हिच्या कपाळावर चांद तर सोडाच, एक पांढरा केस नाही. मी म्हणाले होते, हिला काहीतरी दुसरं नाव ठेव. "कामून? पाटलाचं पोरगं काळं निघालं म्हणून आडनाव बदलतंय का?" असं म्हणून तू तिच्या पाठीवर थाप मारलीस. तिनंही शेपटी हलवली, म्हणजे दोन विरुद्ध एक.

आपलं खरं भांडण पत्र्यावरून. दरवर्षी मे महिन्यात परीक्षा संपली, क्लासला सुटी लागली की मी यायचे आणि आल्या आल्या सुरू करायचे. म्हशीला बांध पत्र्यात, तू झोप स्लॅबखाली. हे घर पडत नसतं, इंजिनिअरांनी बांधलंय. एक दिवस भाजून निघशील. आणि दरवर्षी तू तेच म्हणायचीस, "भाजलेलं माणूस उठून पाणी पितंय. दबलेलं उठत न्हाई." पण हार मानणं माझ्या रक्तात नाही, आणि ते रक्त तुझ्याच माहेरचं. एका वर्षी मी हट्टानं कूलर आणला. दुसऱ्या दिवशी बघते तर तू तो ओढत नेऊन चांदरीच्या तोंडासमोर लावलेला. "तिला लई गरम होतंय गं, काळी हाय ना." विलास हसून हसून बाजेवर पडला. मी मात्र दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही आणि त्या दोन दिवसांत तू मला दोन वेळा मलई घालून चहा दिलास.

आणि गेलीस ती मे महिन्यातच, पत्र्याखालीच. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. मी अजून त्या पत्र्याकडं संशयानं बघते. तू असतीस तर 'बघ, मी सांगत होते' म्हणून मी घर डोक्यावर घेतलं असतं. आता कुणापुढं घेऊ? भांडायला माणूस उरलं नाही की बरोबर असण्यात काही मजा नसते, हे मला या वयात कळतंय. आणि गेलीस तीही कशी, तर माझ्या पोरांची परीक्षा होऊ दिलीस, पेपर तपासून होऊ दिलेस, मला सुटी लागू दिलीस. बॅचच्या मधे गेली असतीस तर मला चार दिवससुद्धा मिळाले नसते. एवढी सवड बघून कुणी जातं का गं?

लातूर तुला मानवलं नाही. चार दिवस झाले की तुझं पिशवी भरणं सुरू. मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा घरांपुढं बदामाची, पेरूची झाडं होती. मग एकेक घर वर चढत गेलं. खाली मेस, वर होस्टेल, गॅलऱ्यांतून वाळत घातलेले टॉवेल आणि पहाटेपासून जिन्यावर पोरांच्या चपला. मी त्याच पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवते, त्याच पोरांवर आमचं घर चालतं, म्हणून तक्रार करायला मला तोंड नाही. पण कोपऱ्यावरचा निंब अभ्यासिकेसाठी तोडला तेव्हा पहिला प्रश्न तूच विचारलास, तोही माणसाबद्दल विचारावा तसा. "हितली म्हातारी कुठं गेली?" मी सांगितल्यावर तू त्या जागेवर जाऊन थोडा वेळ उभी राहिलीस. नंतर म्हणालीस, "तुझ्या लातुरात सगळं हाय गं सुरे. टेकायला कुणी न्हाई."

तरी तू टेकायला शोधलंसच. समोरच्या होस्टेलच्या जिन्याखाली एक लंगडं कुत्रं असायचं. पोरांनी त्याचं नाव रिपीटर ठेवलं होतं, कारण पोरं पास होऊन जायची आणि हा दरवर्षी तिथंच. तू रोज अर्धी भाकरी घेऊन खाली उतरायचीस, पायरीवर बसायचीस आणि त्याच्या कानामागं खाजवत त्याला गावाकडच्या बातम्या सांगायचीस. एकदा एक मुलगी पुस्तक हातात धरून तुझ्या शेजारी येऊन बसली. न बोलता बराच वेळ बसली, मग तिनंही कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. तू तिला नाव, गाव, मार्क काही विचारलं नाहीस. ती उठून गेल्यावर मला म्हणालीस, "लेकराला घरची आठवण यायली." वर्गात मी त्या मुलीला वर्षभर शिकवत होते आणि ती अबोलच आहे असं धरून चालले होते. रिपीटर अजून आहे. तुझ्या दहाव्यानंतर लातूरला गेले तेव्हा त्याला भाकरी टाकली, त्यानं माझ्या मागं बघितलं, कुणी येतंय का ते.

तुझं मन रमायचं ते जुन्या गावात. लोक तिकडं जायला अजून बिचकतात. तू मात्र ऊन कललं की चांदरीला सोडून तिच्या मागं मागं तिकडंच निघायचीस. पडलेल्या घरांच्या ढिगांवर आता तरवड माजलाय, बोरी आहेत, निंब उभे राहिलेत, मोर तर कोंबड्यांसारखे फिरतात. गल्ल्या अजून ओळखू येतात. तू चालताना सांगायचीस, हे सोनाराचं, हे मारुतीचं, इथं जात्याला टाकी लावणारी बसायची. सांगताना तुझा आवाज अगदी रोजचा असायचा, बाजारातून जाताना दुकानं दाखवावीत तसा. आणि तुमचं घर होतं तिथं सीताफळाचं झाड. मामांना सीताफळाचं वेड. भिंतीला टेकून खायचे आणि बिया तिथंच थुंकायचे म्हणून तू त्यांना किती बोलायचीस. त्यातलीच एखादी असणार. त्या झाडाचं फळ तू कधी तोंडात घातलं नाहीस. पाखरांना ठेवायचीस आणि दोन-चार माझ्यासाठी काढायचीस.

गेल्या दिवाळीला आपण तिथं बसलो होतो. मी सीताफळ खात होते, चांदरी खाली चरत होती, माळावरून गार वारा येत होता. मी सहज विचारलं, "आत्या, खरं सांग. स्लॅबची भीती वाटते ना तुला?"

"भ्या कशाचं?" तू म्हणालीस. मला वाटलं विषय संपला.

"त्या दिशी मी भाईर आले ना," तू चांदरीकडं बघत म्हणालीस, "तवा दार लोटून घेतलं मी. हिच्या वरडण्यानं ह्यांची झोप मोडू नये म्हणून. दिवसभर गणपतीपुढं नाचून दमले होते गं. दार उघडं असतं, तर..."

इतकी वर्षं ते बिनदाराचं घर मी बघत होते आणि म्हशीच्या शिंगांचं कारण मलाही पटलेलं होतं. दोनशे पोरांपुढं तास-तासभर न थांबता बोलणाऱ्या माझ्या तोंडात सीताफळाची बी होती, ती थुंकावी की गिळावी ते कळेना. तू उठलीस, लुगडं झटकलंस आणि म्हणालीस, "चल, धारेची येळ झाली." मी ठरवलं होतं, मेमध्ये निवांत येईन तेव्हा बोलेन. काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं. बसनं येता-जाता कितीदा तरी तुझ्याशी ते बोलून झालं.

तू गेलीस त्या सकाळीही चांदरी रेकली. हलीमाबी सांगते, असं रेकणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती शिलाई मशीन सोडून धावत आली, तेव्हा चांदरी दावं ताणून खोपटाकडं तोंड करून उभी होती आणि तू बाजेवर गाढ झोपल्यासारखी. यावेळी तिचं ऐकून तू उठली नाहीस. हलीमाबी मला हे सांगताना दर वेळी इथंच थांबते, पदर ओढून डोळ्यांना लावते आणि म्हणते, "मेरी सहेली थी वो." बाकी सगळं ती मराठीत सांगते, तेवढंच तिला मराठीत जमत नाही.

दिवस झाले, पाहुणे पांगले आणि खरा प्रश्न पुढं आला तो चांदरीचा. तिनं दूध चोरलं. तू गेल्यापासून कुणालाच सडाला हात लावू देईना. वगार काय पिईल तेवढंच, बाकी कास दगडासारखी झालेली. शेजारचा गडी बसला, त्याला लाथ. बालाजी बसला, त्याची बादली उडवली. कुणी म्हणालं, इंजेक्शन द्या. मी नको म्हणाले. शेवटी बालाजी म्हणाला, "वहिनी, मी काय वैरी हाय का हिचा? पण मी डाळमिलमधी, दादा कॉलेजात, तुमचा क्लास. हिला बघणार कोण? दूध देईना, कास सुजायली, अशानं मरंल ती. बाजाराच्या दिवशी टेम्पो सांगितलाय." त्याचं चूक नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसानं म्हैस न्यायची कुठं? पण खुंटा मोकळा दिसणार ही कल्पनाच मला सहन होईना. तुझं सगळं गेलं तरी चालेल, पण ही गेली तर मी या गावात यायचं कुणाकडं?

हलीमाबी म्हणाली, "तिचं लुगडं घालून बस. जनावराला वास लागतोय." गावात असं करतात हे मलाही माहीत होतं. आई बाळंतपणाला गेली की आजी तिचं लुगडं नेसून धार काढायची. मी तुझ्या पेटीतलं चांगलं जरीकाठी काढलं. चांदरीनं एकदा हुंगलं आणि अशी लाथ झाडली की मी शेणात बसले. हलीमाबी आधी हसली, मग रडली. "अगं, डांबरगोळीच्या वासाचं लुगडं घालून कोण धार काढतंय? तिला तुझी आत्या पाहिजे. पाहुणी कशाला पाहिजे तिला?" तेव्हा माझी नजर खुंटीवर गेली. हिरवट, विटलेलं, धारेच्या वेळी तू नेसायचीस ते. महिनो न् महिने पाणी न लागलेलं.

ते नेसले तो बाजाराचाच दिवस होता. सकाळी नेसायला बसलो तर मला येईना आणि हलीमाबीनं तर जन्मात कधी लुगडं नेसलं नव्हतं. पण तीस वर्षं तुला बघून तिच्या हातांना ठाऊक होतं. तिनं नेसवलं. लुगडं अंगावर आलं आणि तुझा वास एकदम असा आला की मी गव्हाणीला धरून उभी राहिले. मग तुझ्यासारखी उकिडवी बसले, कपाळ तिच्या कुशीला टेकलं. चांदरीनं मान वळवली. खांदा हुंगला, पदर हुंगला, रवंथ थांबवला. लाथ मारली नाही, पण पान्हाही सोडला नाही.

"बोल ना तिच्याशी," हलीमाबी बाहेरून म्हणाली. "आत्या तुझी कधी गप बसून धार काढायची का? शिव्या दे."

मला शिवी सुचेना. जे जुळवून ठेवलं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. "तू दार लोटलंस त्यात तुझं काय चुकलं गं? दमून झोपलेल्या माणसाचं दार लोटूनच घेतात. मायेनंच लोटतात. मीसुद्धा लोटलं असतं." एकदा म्हणाले, पुन्हा म्हणाले, कपाळ न उचलता म्हणतच राहिले. आणि बोटांखाली सड भरत आला. पहिली धार भांड्यात पडली तो आवाज मी विसरणार नाही. मी रडत होते आणि हात चालत होते.

"आई?"

बालाजी होता, त्या बिनदाराच्या दारात उभा. मागं रस्त्यावर टेम्पो चालूच होता. मी वळून बघितल्यावर तो ओशाळला, दुसरीकडं बघायला लागला. मग म्हणाला, "कुठलं दार, वहिनी?"

त्याला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मी धार न थांबवता सांगितलं, तू सांगितलंस तसं, तेवढंच. तो खाली बसला.

"मी पदर धरून होतो म्हणायच्या तुम्ही."

"हाव. तू मागं आलास म्हणून आहेस."

"मग मी आल्यावरच लोटलं असंल ना तिनं दार? मला भाईर घेतलं आन् मग लोटलं." तो डोळे पुसत होता. "येडी. सारी जिंदगी ह्याच्यापायी पत्र्यात राहिली का ती?"

खरं उत्तर तुलाच माहीत. तो उठून बाहेर गेला, ड्रायव्हरशी काहीतरी बोलला आणि टेम्पो निघून गेल्याचा आवाज आला. परत येऊन त्यानं चांदरीच्या पाठीवर हात ठेवला, आधी जरा भीतभीत, मग पूर्ण. ते ताजं दूध आम्ही तिघं तिथंच चहात घालून प्यालो आणि हलीमाबीनं सवयीनं चौथा कप भरला.

तेव्हापासून मी इथंच आहे. क्लासच्या सरांकडून दुपारच्या बॅच मागून घेतल्या आहेत. सकाळची धार काढून फाट्यावरून बस धरते, संध्याकाळी परत. रविवारी बालाजी येतो, कडबा तोच आणतो. विलास रोज फोन करून विचारतो, वरणाला शिट्ट्या किती. हे किती दिवस चालेल मला माहीत नाही. ऊन कललं की, लवकर आले त्या दिवशी, मीही चांदरीच्या मागं मागं जुन्या गावात जाते. सीताफळाला कळ्या आल्यात. तिथं बसलं की मला तुझी इतकी आठवण येते की बसवत नाही, आणि दुसरीकडं कुठं बसलं तर तेवढीसुद्धा येत नाही, म्हणून तिथंच बसते. आणि ऐक, झोपते मात्र मी स्लॅबखालीच, मागच्या खोलीतला कडबा सरकवून. पहिल्या दिवशी तुझं म्हणणं आठवून वरती बघत पडले होते. आता झोप लागते. दाराच्या जागी दार अजून नाही, चांदरीचा श्वास ऐकू येतो.

आज सकाळी उशीर झाला. बस चुकेल म्हणून घाईघाईत भांडं घेतलं आणि बसले. अर्धी धार झाल्यावर माझं माझ्या बाहीकडं लक्ष गेलं. मी माझ्याच ड्रेसमध्ये होते. लुगडं खुंटीवरच. मी हात थांबवला, तशी चांदरीनं मान वळवली, मला हुंगलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. दूध येतच होतं.

मला आनंद व्हायला हवा होता ना गं? तो झालाही. पण भांडं घेऊन उठता येईना. तुझ्या वासाला भुलून का होईना, या जगात एक जीव होता ज्याच्या लेखी तू रोज सकाळी येत होतीस. आता तोही नाही.

हलीमाबीला सांगितलं तर ती खूश झाली. लगेच बादली भरून दिली, वर साबणाची वडी. म्हणाली, "आता धू बाई ते. चांदरीला कुठं पायजे ते." मी लुगडं खुंटीवरून काढलं, बादलीपर्यंत नेलं. बस तर केव्हाच चुकली होती. थोडा वेळ ते तसंच तोंडाशी धरून उभी राहिले, मग नेऊन परत खुंटीला अडकवलं.

चांदरीला आता लागत नाही ते, आत्या. मला लागतंय.